हॉस्पिस कसं पारखायचं: पहिल्या फोनच्या आधीपासून ते पहिल्या तीन दिवसांपर्यंत

हॉस्पिस म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात शेवटच्या काळात त्रास कमी करणारी सेवा, आणि ती शोधणारी बहुतेक घरं एकाच पद्धतीने शोधतात. डॉक्टर सांगतात की आता पुढे ट्रीटमेंट नाही, परवा डिस्चार्ज, आणि मग घरातलं कोणीतरी रात्री मोबाईल घेऊन बसतं, जे पहिलं नाव दिसेल तिथे फोन, समोरचा माणूस नीट बोलला, खोल्यांचे फोटो बरे वाटले, की झालं ठरलं. त्यांना दोष देत नाहीये, त्या अवस्थेत कोणाचंच डोकं चालत नाही. पण मग तिसऱ्या-चौथ्या रात्री कळतं की पेशंट कण्हतोय आणि तिथे काही करू शकेल असं कोणीच जागं नाहीये.

म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. क्रम पाळाच, कारण एकदा जागा बघून आलात की मन त्या जागेत अडकतं आणि औषधांचे अवघड प्रश्न विचारायचे राहूनच जातात. आधी घरातली तयारी, मग फोन, मग माणसं आणि औषधं, आणि जागा बघणं त्याच्याही नंतर. कुठलीही गोष्ट तपासताना स्वतःला विचारत राहा की रात्री दोन वाजता इथे काय होईल. दिवसा अकरा वाजता सगळीच ठिकाणं बरी दिसतात.

## टप्पा १ : फोन उचलण्याआधीची तयारी

हा टप्पा लोक गाळतात आणि मग कुठल्याही हॉस्पिसला नेमकं काय विचारायचं तेच त्यांना सुचत नाही.

सगळ्यात आधी, ज्यांची ट्रीटमेंट चालू होती त्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: "येत्या काही आठवड्यांत यांना कोणकोणते त्रास होऊ शकतात?" किती दिवस राहिले हे सगळेच विचारतात आणि त्याचं नेमकं उत्तर कोणाकडेच नसतं, त्रास कोणते होतील याचं उत्तर मात्र डॉक्टर बऱ्यापैकी देऊ शकतात. हाडांत पसरलेला कॅन्सर असेल तर हालचाल केली की दुखणं, आणि मणक्यावर दाब आला तर पाय अचानक लुळे पडणं. फुप्फुसाचा आजार असेल तर धाप. लिव्हर असेल तर पोटात पाणी आणि बरळणं. किडनी गेलेली असेल तर खाज, मळमळ, शिवाय मॉर्फिन शरीरात साचतं म्हणून दुखण्याचं औषध वेगळं निवडावं लागतं. घशातली किंवा मानेतली गाठ असेल तर रक्तस्राव. ही यादी हातात असली की हॉस्पिसला "तुम्ही काय काय करता" असं मोघम न विचारता "धाप वाढली तर काय करता" असं विचारता येतं आणि मग उत्तरातला फरक लगेच कळतो.

दुसरं, पेशंटला विचारा. त्यांना घरीच राहायचंय का, की घरच्यांवर भार नको म्हणून बाहेर चालेल, कशाची जास्त भीती वाटते, दुखण्याची की एकटं पडण्याची की गुदमरण्याची, शुद्ध कमी झाली तरी चालेल पण दुखायला नको असं आहे की थोडं दुखलं तरी चालेल पण बोलता यायला हवं. हे बोलणं फार जड जातं, मला माहितीये. पण आणखी पंधरा दिवसांनी विचारू म्हटलं तर तेव्हा उत्तर देण्याची ताकद कदाचित उरलेली नसते.

तिसरं, एक कागद तयार करा. त्यावर आजाराचं नाव, आत्ता चालू असलेली सगळी औषधं डोससकट, कशाची ॲलर्जी, शेवटचे रिपोर्ट कधीचे, पेशंट स्वतः उठतो का, गिळता येतं का, लघवी-संडासचं कसं, अंगावर जखम आहे का, घरात रात्री सोबत कोण असतं. प्रत्येक फोनवर हाच कागद वाचायचा. नाहीतर तीन ठिकाणी तीन वेगळी माहिती जाते आणि उत्तरांची तुलनाच करता येत नाही.

चौथं, बोलणारा माणूस एकच ठरवा. चार भावंडं चार फोन करतात आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी आठवतं, यातून घरात भांडणं झालेली बघितलीयेत.

इथे थांबून तपासा: तुम्ही जे शोधताय ते खरंच हॉस्पिस आहे ना? एजन्सीतून येणारी अटेंडंट म्हणजे हॉस्पिस नाही. ती अंग पुसेल, जेवण भरवेल, आणि ते कामही मोठं आहे, पण दुखणं वाढलं तर औषध बदलायचा अधिकार तिला नाही. वृद्धाश्रम म्हणजे हॉस्पिस नाही. डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक यांची टीम, त्रास कमी करण्याचा लिखित प्लॅन आणि चोवीस तास मदत, हे तिन्ही असेल तरच त्याला हॉस्पिस म्हणा, मग ती सेवा घरी येऊन देणारी असो किंवा तिथे बेडवर ठेवून घेणारी.

आणि उशीर करू नका. "हॉस्पिसला फोन केला म्हणजे आपण हरलो" असं वाटून लोक शेवटच्या चार दिवसांपर्यंत थांबतात. २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ट्रीटमेंट चालू असतानाच सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करण्याकडे बघणारी, टीम जोडून दिलेल्या लोकांची तब्येत जास्त सुसह्य राहिली, नैराश्य कमी होतं आणि ते साधारण पावणेतीन महिने जास्त जगले. म्हणजे चौकशी लवकर केल्याने कोणाचं आयुष्य कमी होत नाही.

## टप्पा २ : फोन, आणि तो दोनदा

निदान तीन ठिकाणं काढा. प्रत्येक ठिकाणी एक फोन दिवसा करा आणि एक रात्री उशिरा किंवा रविवारी.

दिवसाच्या फोनवर कागद वाचून दाखवा आणि मग ऐका. चांगल्या ठिकाणचा माणूस पैशांच्या आधी पेशंटबद्दल विचारतो. रात्री झोप लागते का, शेवटची संडास कधी झाली, घरात कोण आहे, पेशंटला आजाराबद्दल काय माहिती आहे. असे प्रश्न समोरून आले तर ती खूप चांगली खूण आहे. नुसतं "बेड आहे, घेऊन या" ऐकू आलं तर सावध.

रात्रीचा फोन फक्त एवढंच बघायला की उचलतं कोण. नर्स उचलते, सिक्युरिटीवाला उचलतो, की रेकॉर्ड केलेला आवाज? उचललाच नाही तर परतफोन किती वेळात येतो? त्यांना एकच विचारायचं: "आमचा पेशंट तुमच्याकडे नोंदवला आणि अशा वेळी दुखणं वाढलं, तर तुम्ही काय कराल?" चांगलं उत्तर साधारण असं असतं की आमच्याकडे पेशंटची फाईल समोर असेल, घरी ठेवलेल्या जादा डोसपैकी कुठला द्यायचा ते फोनवर सांगू, अर्ध्या-एक तासाने परत फोन करू, आराम नसेल तर नर्स येईल किंवा ऑन-कॉल डॉक्टरांशी बोलून डोस बदलू. वाईट उत्तर दोन शब्दांत येतं: "सकाळी बघू", नाहीतर "इमर्जन्सीला न्या".

इशारा: खोटी इमर्जन्सी सांगून परीक्षा घेऊ नका. चौकशी करतोय असं सरळ सांगा आणि दोन मिनिटांत फोन ठेवा, त्याच वेळी दुसऱ्या कोणाच्या घरून खरोखरीचा फोन येत असतो.

## टप्पा ३ : माणसं

इथे वेबसाईटवरची टीम आणि प्रत्यक्ष येणारी टीम यातला फरक शोधायचा असतो. "आमच्याकडे समुपदेशक आहेत" याचा अर्थ रोज असतात असाही होतो आणि महिन्यातून एकदा येऊन जातात असाही होतो. त्यामुळे "आहे का" असं विचारूच नका, "कधी येतात, शेवटचे कधी आले होते" असं विचारा.

डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचं ट्रेनिंग घेतलंय का, ते पेशंटला स्वतः बघतात की नर्सकडून ऐकून औषध लिहितात, रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात, घरी येणारी सेवा असेल तर आठवड्यातून किती भेटी आणि त्रास वाढला तर भेटी वाढतात का, तीच नर्स येते की दर वेळी नवीन. नर्समागे पेशंट किती असावेत याचा कुठलाही एक आकडा सगळीकडे लावता येत नाही, सगळे पेशंट स्थिर असतील तर एकीला बरेच झेपतात आणि दोघं शेवटच्या अवस्थेत असतील तर तेवढ्यांतच तिची रात्र संपते. म्हणून पुढचा प्रश्न असा की "एका रात्री दोन-तीन पेशंट एकदम सिरियस झाले तर मदतीला कोणाला बोलावता?" याचं उत्तर ज्यांच्याकडे तयार असतं त्यांनी याचा विचार केलेला असतो.

घरच्यांसाठी काय करतात हेही इथेच विचारून घ्या. कुशीवर कसं वळवायचं, तोंड कसं साफ करायचं, औषध कसं द्यायचं हे शिकवतात का. आणि पेशंट गेल्यानंतर घरच्यांशी संपर्क ठेवतात का. चांगली हॉस्पिसेस नंतरही बरेच महिने फोन करतात, भेटायला बोलावतात. जिथे "त्याच्यानंतर काय असणार" असं म्हणतात तिथे पेशंट असेपर्यंत तरी घरच्यांकडे कितपत लक्ष देत असतील.

## टप्पा ४ : औषधं (इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा)

माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही एक जागा निवडली. शांत, मोठ्या खिडक्या, माणसं प्रेमळ. तिसऱ्या रात्री साधारण तीनला त्यांचं दुखणं अनावर झालं. नर्स धावत आली, खरंच चांगली होती ती, पण मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे नव्हती. ज्यांच्याकडे होती ते सकाळी सातला आले. ते चार तास मी अजून विसरलेली नाही. तेव्हापासून कोणीही विचारलं की मी आधी हेच सांगते: रात्री किल्ली कोणाकडे असते ते विचारा.

हे प्रश्न याच क्रमाने विचारा.

मॉर्फिन जागेवर असतं का? मॉर्फिनवर सगळीकडेच सरकारी नियंत्रण असतं, साठा ठेवायला परवानगी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात. त्यामुळे काही ठिकाणं ते ठेवतच नाहीत आणि हलक्या गोळ्यांवर भागवतात. साठा आहे का, सुट्टीच्या दिवशी संपला तर काय, रात्री कोण काढून देऊ शकतं. घरी सेवा असेल तर घरी किती दिवसांचं देऊन ठेवतात.

नेहमीचा डोस आणि मधला डोस, दोन्ही लिहून देता का? लगेच काम करणारी तोंडाने घ्यायची मॉर्फिन साधारण दर ४ तासांनी ठरलेल्या वेळी द्यायची असते, दुखायला लागल्यावर नाही. त्याशिवाय मध्येच दुखणं उसळलं तर एक जादा डोस आधीच लिहून ठेवलेला लागतो, तो सहसा दिवसभराच्या एकूण डोसच्या एक दशांश ते एक षष्ठांश असतो. म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर जादा डोस ६ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. हा हिशोब तुम्ही घरी करून औषध द्यायचं असं मुळीच नाही, डोस डॉक्टरच ठरवणार, पण कागदावर मधल्या डोसची ओळच नसेल तर ते तुमच्या लक्षात यायला हवं. "दुखलं तर कळवा" एवढंच लिहिलेलं असेल तर तो प्लॅन नाही.

सोबत पोट साफ होण्याचं औषध देता का? अगदी साधा प्रश्न वाटतो पण यावरून फार कळतं. मॉर्फिनची मळमळ आणि गुंगी काही दिवसांत बहुतेकांची कमी होते, बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही. त्यामुळे जाणकार माणूस मॉर्फिन लिहितानाच त्याचं औषध लिहितो. विसरलं जात असेल तर रोजच्या कामाची शिस्तच कच्ची आहे.

गिळता येईनासं झालं तर? शेवटच्या दिवसांत हे बहुतेकांना होतं. त्वचेखालून इंजेक्शन किंवा छोट्या पंपाने सतत औषध देणं, असं काहीतरी ठोस उत्तर हवं. फेंटानिल या दुखण्यावरच्या औषधाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच हे चांगलं साधन आहे पण तो लावल्यावर पुरता असर यायला १२ ते २४ तास लागतात आणि सहसा ७२ तासांनी बदलतात, म्हणून अचानक उसळलेल्या दुखण्यावर "पॅच लावू" हे उत्तर चालत नाही. आणि पॅचवर शेकायची पिशवी ठेवू देणारं ठिकाण तर नकोच, उष्णतेने औषध एकदम जास्त शोषलं जातं.

पुढे लागणारी औषधं आधीच आणून ठेवता का? दुखणं, धाप, उलटी, अस्वस्थपणा आणि शेवटी घशात होणारी घरघर, या पाचांसाठी औषध लिहून, आणून, हाताशी ठेवलेलं असणं ही चांगल्या हॉस्पिसची अगदी ठळक खूण. घरघर सुरू झाल्यावर कुठल्या दुकानात जाणार तुम्ही?

जो बोलू शकत नाही त्याचं दुखणं कसं ओळखता? बोलणाऱ्या पेशंटला ० ते १० मध्ये आकडा विचारतात. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा शुद्ध कमी असलेल्या माणसासाठी वेगळी पद्धत लागते, उदाहरणार्थ पेनॅड नावाचा स्केल आहे, त्यात श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत काढल्यावर शांत होतात का या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. नाव हेच असायला हवं असं नाही, पण काहीतरी ठरलेली पद्धत असावी आणि ती चार्टवर उतरलेली असावी. "आम्हाला अनुभवाने कळतं" हे उत्तर मला पुरत नाही.

धोक्याच्या खुणा: "मॉर्फिन आम्ही अगदी शेवटी देतो" किंवा "त्याची सवय लागते" असं हॉस्पिसवालेच म्हणत असतील तर यादीतून नाव काढा. नीट, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने मरण ओढवत नाही, आणि धाप लागलेल्या माणसाला तर अगदी छोटा डोसही आराम देतो. याची उलटी बाजूही आहे, काही ठिकाणी सगळ्यांनाच गुंगीत ठेवतात कारण गुंगीतला पेशंट बेल वाजवत नाही. सकाळी अकराला गेलात आणि प्रत्येक बेडवरचा माणूस गाढ झोपलेला दिसला तर का ते विचारा.

## टप्पा ५ : आता जागा बघा

दोनदा जा, त्यातली एक फेरी संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. त्या वेळी कामाचा ताण असतो, माणसं खरी दिसतात. बाग, रंग, फर्निचर याकडे बघू नका, म्हणजे बघा, पण गुण देऊ नका. बघायचं ते बेडच्या हातभर अंतरात.

पाणी पेशंटच्या हाताला लागेल असं आहे का की पलीकडच्या टेबलावर. बेल हातात आहे का की भिंतीवर अडकवलेली. ओठ कोरडे, फुटलेले, पापुद्रे धरलेले दिसतात का, कारण तोंडाची निगा हे काम सगळ्यात सोपं आणि घाईत सगळ्यात आधी सुटणारं. नखं, डोळ्यांतली चिपडं. बेल वाजल्यावर किती वेळाने कोणी येतं ते गुपचूप घड्याळात बघा. जेवण भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने उरकते. अंग पुसताना पडदा ओढतात का. पेशंटशी बोलतात की पेशंटच्या डोक्यावरून एकमेकींशी.

कूस बदलण्याचा तक्ता मागा. दुसऱ्या पेशंटची माहिती बघायचा आपल्याला अधिकार नाही, त्यामुळे नाव झाकून दाखवा म्हणा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात, गादी विशेष असेल तर अंतर थोडं वाढवतात, ते ठीक. पण तुम्ही तीन वाजता बघताय आणि तक्त्यावर चार आणि सहाच्या सह्या आधीच झालेल्या असतील तर त्या ठिकाणच्या बाकीच्या कागदांवरही भरवसा ठेवू नका.

बेडसोअरबद्दल विचारताना प्रश्न असा करा: "इथे आल्यानंतर किती जणांना जखम झाली, आणि घेऊन आलेले किती?" शेवटच्या दिवसांत त्वचा इतकी नाजूक होते की उत्तम काळजी घेऊनही काहींना जखम होते, त्यामुळे "आमच्याकडे एकालाही होत नाही" हे ऐकून हुरळून जाऊ नका. जे आकडा सांगतात आणि काय करतो तेही सांगतात त्यांचं बोलणं जास्त खरं.

हॉस्पिस घरीच येऊन सेवा देणारं असेल तर बघायला जागा नसते. मग त्यांनी सेवा दिलेल्या एक-दोन घरांशी, त्यांची परवानगी घेऊन, बोलणं करून द्या म्हणा. त्या लोकांना "चांगले आहेत का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. रात्री कधी फोन करावा लागला का, मग काय झालं, आणि शेवटच्या दिवशी कोण आलं होतं, एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका.

तपासा: बाहेर पडल्या पडल्या, घरी पोचायच्या आत, तीन ओळी लिहून ठेवा. दोन ठिकाणं झाली की सगळं एकमेकांत मिसळतं.

## टप्पा ६ : निर्णय कोणाचे, कसे

शांतपणे बसून हॉस्पिसच्या डॉक्टरांशी हे बोलून घ्या, आणि शक्य असेल तर पेशंटसमोर. हृदय थांबलं तर छाती दाबायची की नाही, परत हॉस्पिटलला कोणत्या परिस्थितीत न्यायचं, नाकातून नळी, सलाईन. चांगले लोक यावर घाई करत नाहीत आणि ठरलेलं लिहून घेतात, आणि पेशंटने मत बदललं तर कागदही बदलतात.

सलाईनवरून घराघरांत वाद होतात. शेवटच्या दिवसांत भूक-तहान कमी होणं हा शरीर बंद होत जाण्याचाच भाग असतो, त्या वेळी भरपूर सलाईन दिलं तर अंगावर सूज, फुप्फुसात पाणी आणि घशातली घरघर वाढू शकते. हे तुम्हाला समजावून सांगतात का, की तुम्ही हट्ट केला म्हणून लावून देतात, की न बोलता बंद करतात, तिन्हींतून ते ठिकाण कसं आहे ते कळतं.

आणखी एक, "हॉस्पिसला आलात म्हणजे सगळं बंद" असं मानणारी ठिकाणं टाळा. हाडातल्या दुखण्यासाठी रेडिएशनचा एकच सिटिंगचा डोस खूप आराम देऊ शकतो. पोटातलं पाणी काढल्याने श्वास मोकळा होतो. पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडकली तर तासाभरात निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी ते तुम्हाला पाठवतात का, कुठे, कोण सोबत जातं? त्याच वेळी, दहा वर्षांपासून चालू असलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पहिल्याच भेटीत बंद करून ओझं कमी करतात का? त्रास कमी करणारं ठेवायचं आणि उपयोग न उरलेलं काढायचं, दोन्ही जमायला हवं.

पेशंटला आजार किती सांगितलाय याबाबत त्यांची भूमिकाही विचारा. तुम्ही लपवलं असेल तर ते तुमच्यावर ओरडणार नाहीत, पण पेशंटने सरळ विचारलं तर खोटं बोलणारही नाहीत, अशी टीम मला योग्य वाटते.

## टप्पा ७ : कागद आणि पैसे

इथे फार रेंगाळायचं कारण नाही, फक्त सगळं लेखी घ्या. औषधं, ऑक्सिजन, गादी, पंप, रात्रीची भेट, ॲम्ब्युलन्स यातलं काय धरलेलं आहे आणि कशाचे वेगळे पैसे. पेशंट अपेक्षेपेक्षा जास्त दिवस राहिला किंवा तब्येत सुधारली तर काय, काही ठिकाणी अशा वेळी डिस्चार्ज देतात, ते आधी माहीत असावं. घरी रात्री मृत्यू झाला तर दाखला द्यायला कोण येणार. तक्रार कोणाकडे करायची. परवाना भिंतीवर बघण्यापेक्षा ज्या सरकारी खात्याने दिला त्यांच्याकडे अजून चालू आहे का ते बघा. आणि महाग आहे म्हणून चांगलं, फुकट आहे म्हणून साधारण, असं काही नसतं, देणगीवर चालणारी काही ठिकाणं औषधांच्या बाबतीत कमालीची शिस्तीची असतात.

## टप्पा ८ : पहिले तीन दिवस

निवड झाली म्हणजे पारखणं संपलं असं समजून लोक इथे सैल पडतात. खरं तर आत्ता कुठे प्रत्यक्ष काम दिसणार असतं.

पहिल्याच भेटीत नर्सने किंवा डॉक्टरांनी पाठ, कंबर, टाचा उघडून बघितल्या का, तोंडात बघितलं का, संडासचं विचारलं का, प्रत्येक औषध हातात घेऊन तपासलं का, आणि जाताना प्लॅन व रात्रीचा नंबर कागदावर लिहून दिला का. नवीन औषध सुरू केलं किंवा डोस बदलला तर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन यायला हवा, तुम्ही करायच्या आधी.

तुम्ही एक वही ठेवा. वेळ, त्रास कोणता, ० ते १० मध्ये किती, कोणाला किती वाजता कळवलं, औषध किती वाजता मिळालं, तासाभराने आकडा किती. एवढंच. दुखणं पहिल्या एक-दोन दिवसांत पूर्ण जाईलच असं नाही, पण आकडा खाली येताना दिसायला हवा, आणि येत नसेल तर प्लॅन बदलताना दिसायला हवा. तोच डोस, तेच "बघू", आणि आकडा ८ वरच, असं दोन दिवस चाललं तर थांबू नका.

चूक: "आता इथे आणलंय, त्यांना नाराज कसं करायचं" म्हणून गप्प बसणं. वही घेऊन इनचार्ज नर्सशी बोला, तोंडी भांडण नको, वेळा वाचून दाखवा. बरेचदा तेवढ्यानेच काम होतं, कारण रात्रीच्या पाळीत काय झालं हे तिच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. तरी फरक नाही तर मुख्य डॉक्टर, आणि त्यांना स्पष्ट विचारा की उद्या या वेळेपर्यंत काय बदलेल.

बदलायची वेळ आलीच तर क्रम असा: आधी तुमच्या यादीतल्या दुसऱ्या ठिकाणाला फोन (म्हणून ती यादी फेकू नका), त्यांनी कधी घेणार ते पक्कं सांगितल्यावर इथून औषधांच्या चार्टची आणि नोंदींची कॉपी मागून घ्या, शेवटचा डोस कधी दिला ती वेळ लिहून घ्या, आणि नवीन ठिकाणचा पहिला डोस कधी ते ठरवून घ्या. मॉर्फिन मध्येच एकदम तुटलं तर दुखणं तर उसळतंच, वर घाम, थरथर, जुलाब सुरू होतात. त्यामुळे निघताना प्रवासापुरते डोस हातात असल्याशिवाय, आणि ते गाडीत कोण देणार हे ठरल्याशिवाय, पेशंटला बेडवरून हलवू नका.